शिरोरेखेची किंमत २५५

१९८४ साली केंद्र सरकारचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला आणि देशातल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो नावाचा संगणक आला. मेमरी किती? अवघी ३२ केबी! आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा तिच्यात मावायचा नाही. असं एखादं यंत्र वसमत तालुक्यातल्या हट्ट्यात कुणी टेबलावर मांडलं, तर आजचा लॅपटॉप त्याच्याशी बोलू शकेल?

बोलेल की! यंत्राच्या पाठीमागे पाच भोकांचं गोल सॉकेट आहे, फाशावरच्या पाच ठिपक्यांसारखं. एक तार ऐकायची, एक बोलायची, एक शून्य व्होल्टची. उरलेल्या दोन कशाला? पंगतीत पोट भरलं की आपण पानावर हात आडवा धरतो ना, त्यासाठी! ‘थांब, आता वाढू नकोस’ एवढंच त्या सांगतात.

पण ठोके मोजून देणारी तार कुठेय? नाहीच! दोघांनी आधी फक्त वेग ठरवायचा: सेकंदाला ९६०० बिट. प्रत्येक अक्षराआधी एक बिट येऊन जणू दार ठोठावतो. तो ऐकला की दोघं आपापल्या घड्याळावर पुढचे बिट मोजतात, दर १०४ मायक्रोसेकंदाला एक. घड्याळं एखाद्या टक्क्याने चुकली तरी बिघडत नाही, कारण पुढच्या अक्षराला मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मला तर हीच यातली सगळ्यात सुंदर युक्ती वाटते.

आजच्या लॅपटॉपला मात्र असं गोल सॉकेट नसतं, यूएसबी असते. ती आली १९९६ मध्ये, आणि तिची शिस्त अगदी उलटी. तिथे लॅपटॉप मास्तरासारखा हजेरी घेतो; नाव पुकारल्याशिवाय कुणी ‘हजर’ म्हणायचं नाही. जुनं यंत्र मात्र मनात येईल तेव्हा बोलणार. म्हणून मध्ये यूएसबी ते आरएस-२३२ (अशा जुन्या तारांची बोली) अडॅप्टर लागतो. त्यातली चिप जुन्याचं बोलणं साठवून ठेवते आणि पुकारा झाला की पोचवते.

आता जुन्या कीबोर्डवर *एफएक्स ७,७ टाइप करा: ऐकण्याचा वेग ९६०० झाला. मग *एफएक्स २,१. यापुढे तारेतून येईल ते कुणीतरी समोर बसून टाइप करतंय, असंच त्या यंत्राला वाटतं!

मग पाठवायचं का ‘हट्टा’? युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात त्याचे १५ बाइट होतात. तारेतून जायला जेमतेम १६ मिलिसेकंद. पण या यंत्राला देवनागरी ठाऊकच नाही. मग अक्षर आपणच घडवायचं! व्हीडीयू २३ ही आज्ञा नवं चिन्ह शिकवते: आठ ओळी, प्रत्येकीत आठ ठिपके, ओळीला एक आकडा. आठही ठिपके पेटलेल्या ओळीचा आकडा २५५. म्हणजे लॅपटॉपवरून पहिला आकडा २५५ पाठवला, की ‘ह’ची शिरोरेखा ओढून झाली. खाली अजून सात ओळी आहेत.