चाळीच्या चौकातलं कासव

1967 साली सीमोर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्यात हुकूम पाळत रेघा काढणारं कासव आलं. गिरगाव-लालबागच्या चाळींच्या चौकात हा कासवाचा खेळ संगणकाविनाही रंगू शकतो. एक मूल खडू घेऊन कासव होतं, दुसरं हुकूम देतं: ‘5 पावलं पुढे, उजवीकडे 90 अंश.’ असं चारदा केलं की चौकोन तयार!

खरी गंमत समभुज त्रिकोणात. मुलं हमखास 60 अंश सांगतात आणि अर्धा षटकोन उमटतो. कासव बाहेरच्या कोनातून वळतं, म्हणून 120 हवेत. ही चूक मुलांनाच शोधू द्या, मध्ये बोलू नका.

मग संगणकावर मोफत मिळणारं ‘स्क्रॅच’ हे प्रोग्रामिंगचं साधन उघडावं. पवईच्या आयआयटीत घडलेल्या ‘कम्प्युटर मस्ती’ या शालेय अभ्यासक्रमातही तेच वापरलं आहे.