थंडी वाढण्याआधी घरची मोठी गाडी तपासून घ्या. महिन्याला अर्धा तास पुरतो

दिवाळीची सुट्टी संपली की लग्नांचा हंगाम सुरू होतो. आज मालेगाव, पुढच्या आठवड्यात परभणी, मग डिसेंबरच्या सुट्टीत मुलांना घेऊन कुठेतरी फिरायला. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा, एर्टिगा, घरात जी मोठी गाडी असेल ती याच दिवसांत सर्वात जास्त पळते. दादी पुढच्या सीटवर, बच्चे कंपनी सर्वात मागे, आणि वर कॅरिअरवर बॅगा. फजर पढून निघायचं म्हणजे दुपारच्या निकाहला वेळेत पोहोचता येतं. आणि नेमकं तेव्हाच चावी फिरवली की फक्त ‘टक टक’ आवाज येतो.

लोक म्हणतात, थंडीने गाडी बिघडली. खरं तर थंडी गाडी बिघडवत नाही. वर्षभर जो भाग अशक्त झालेला असतो, त्याला ती उघडा पाडते. म्हणून तयारी थंडीत नाही, थंडीच्या आधी करायची असते. आणि त्यातली बरीचशी घरच्या अंगणात, साध्या साहित्याने होते.

आपल्याकडची थंडी म्हणजे काय?

इंटरनेटवर हिवाळ्यातल्या गाडीबद्दल शोधलं तर बर्फ, टायरच्या साखळ्या, गोठलेले दरवाजे असलं काहीतरी समोर येतं. ते बर्फाच्या देशांसाठी आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण थंडी थोडीथोडकी नसते. नागपूरला डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. निफाडकडे तर जवळपास दरवर्षी एक आकडी तापमान असतं. शिवाय आपल्याकडे दुपारी कडक ऊन आणि पहाटे गारठा असतो. दिवसभरातला हा फरक, पहाटेचं धुकं आणि भरलेली गाडी, या तीन गोष्टींची तयारी आपल्याला करायची आहे.

बॅटरी: नुकसान मे महिन्यात, समजतं डिसेंबरात

बॅटरी रासायनिक क्रियेवर चालते आणि थंडीत ही क्रिया मंदावते. त्याच वेळी इंजिनातलं तेल घट्ट झालेलं असतं, म्हणून स्टार्टरला जास्त ताकद लागते. म्हणजे मागणी वाढली आणि पुरवठा घटला. मात्र बॅटरीचं आयुष्य खरं कमी करतं ते उन्हाळ्यातलं ऊन. विदर्भ-मराठवाड्यातल्या ४४-४५ अंशांत ती आतून झिजते, आणि बिल थंडीत फाटतं.

साधारण तीन ते पाच वर्षांत बॅटरी बदलावी लागते. तुमची बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर नोव्हेंबरमध्येच बॅटरीवाल्याकडून लोड टेस्ट करून घ्या. घरी मल्टीमीटर असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.२ किंवा त्याखाली असेल तर ती निम्मी रिकामी आहे. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर दोष चार्जिंगमध्ये असू शकतो, नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही. काही नव्या गाड्यांत हा आकडा कमी-जास्त होत राहतो, तिथे मेकॅनिकला विचारा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर ती साफ करा. इंजिन बंद करून आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर काढा, नंतर लाल. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा. जोडताना आधी लाल, शेवटी काळी. हा क्रम उलटा केला आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते. हातमोजे घाला आणि पूड डोळ्यांत जाऊ देऊ नका, कारण तिच्यात आम्लाचा अंश असतो. टोपणं असलेली बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघून फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका, नळाचं पाणी नाही.

टायर: सातवीच्या पुस्तकातला धडा

आम्ही वर्गात मुलांना शिकवतो की हवा थंड झाली की तिचा दाब कमी होतो. टायरमध्ये हेच घडतं. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय हवा कमी होते. ऑक्टोबरच्या दुपारी ३४ अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत ३० च्या खाली आलेला असतो. पंक्चर नाही, गळती नाही, तरी हवा कमी.

कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्याच्या कडा सारख्या वाकतात आणि तापतात. गावातल्या गावात हे कळत नाही. पण ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर तास-दोन तास एकाच वेगाने गेलं की तोच टायर फुटू शकतो. गाडीत दहा माणसं असतील तर परिणाम काय होतील, ते सांगायला नको.

हवा किती भरायची? टायरवर कोरलेला आकडा पाहू नका, ती कमाल मर्यादा आहे. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. तिथे बहुतेक गाड्यांत दोन आकडे असतात: एक थोडी माणसं असतानाचा आणि एक पूर्ण भार असतानाचा. लग्नाला निघताना दुसरा आकडा बघायचा. मागच्या टायरना तो बऱ्याचदा जास्त असतो. हवा सकाळी, गाडी न चालवता मोजा. तापलेल्या टायरचा आकडा फसवतो. हातातला छोटा गेज घरी ठेवला तर पंपावरच्या आकड्याची खात्री करता येते.

याच वेळी आणखी तीन गोष्टी बघा. टायरच्या खाचांमध्ये आडवे उंचवटे असतात, घासून नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. ही मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. दुसरं, टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २४१९ म्हणजे २०१९ च्या चोविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी शाबूत असली तरी जुना रबर तडकतो. तिसरं, स्टेपनी. मोठ्या गाड्यांची स्टेपनी कधी मागच्या दाराला, कधी बुडाखाली असते, म्हणून तिच्याकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. जॅक आणि पाना गाडीत आहे का, बुडाखालची स्टेपनी खाली उतरते का, हे घरीच एकदा करून बघा.

तेल, कूलंट आणि ब्रेक

गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना डिपस्टिक काढून पुसा, परत घालून बघा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. तेलाच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० असं काही लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याआधीचा आकडा जितका लहान तितकं ते तेल थंडीत सहज वाहतं. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच वापरा, जास्त घट्ट तेल चांगलं हा समज सोडा.

रेडिएटरमध्ये नुसतं पाणी घालणारे अजूनही खूप आहेत. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं ते विचारतात. कूलंट गंज धरू देत नाही आणि पाण्याचा उकळबिंदू वाढवतो. घाट चढणाऱ्या भरलेल्या गाडीला तेच वाचवतं. पातळी बाहेरच्या प्लॅस्टिकच्या टाकीत मिन आणि मॅक्सच्या मध्ये असावी. गरम इंजिनावर टोपण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. पातळी वारंवार उतरत असेल तर पाणी भरत बसू नका, मेकॅनिकला दाखवा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. ब्रेकचं काम मात्र घरी करू नये. करकर आवाज, पाय खोल जाणं, गाडी एका बाजूला ओढणं, यातलं काही असेल तर प्रवासाआधी गॅरेज गाठा.

डिझेल गाडीचं वेगळं काय?

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या आकाराचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत काही क्षण थांबा, मग सेल्फ मारा. त्या वेळात ग्लो प्लग इंजिनाच्या आत ऊब तयार करतात. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये थोडं थांबा. सुरू झाल्यावर अर्धा-एक मिनिट पुरे, मग पहिले काही किलोमीटर सावकाश चालवा. दहा मिनिटं जागेवर रेस देत बसण्याने डिझेल जळतं, शेजारी वैतागतात, फायदा काही नाही. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचतं, ते सर्व्हिसच्या वेळी काढलं का, हे विचारा.

थंडीत सुरुवातीला सायलेन्सरमधून पांढरी वाफ येणं नेहमीचं आहे. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर गाडी प्रवासाला नेऊ नका.

काचा, दिवे आणि उसाच्या ट्रॉल्या

ऊस तोडणीचा हंगाम आणि धुक्याचा हंगाम एकच. सातारा-सांगलीपासून बीड-लातूरपर्यंत पहाटे उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि अनेकांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. धुक्यात त्या अगदी जवळ आल्यावरच दिसतात. म्हणून आपली काच आणि आपले दिवे हीच आपली राखण.

वायपरचा रबर उन्हाने कडक झाला असेल तर बदला, ते काम पाच मिनिटांचं आहे. काच आतून पुसा. आतला तेलकट थर धुक्यात समोरच्या दिव्यांना फाकवतो. दहा माणसांच्या श्वासाने काच आतून धूसर झाली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा. एसी ओलावा काढून घेतो, सोबत हीटर लावला तर थंडीही वाजत नाही.

धुक्यात अप्पर लाइट लावू नका, प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. डिपर आणि फॉग लाइट लावा. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबलात की वळताय ते कळत नाही. धुकं फारच दाट असेल तर पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर थांबा. जेवण थोडं उशिरा मिळालं तरी चालेल.

बंद काचा, चालू इंजिन

ही गोष्ट सर्वात महत्त्वाची आहे. हॉलच्या बाहेर गाडी उभी करून, थंडी वाजू नये म्हणून इंजिन आणि हीटर चालू ठेवून मुलांना आत झोपवतात. हे करू नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. सायलेन्सर कुठे फुटलेला असेल, गाडी भिंतीला लागून असेल, तर तो आत येतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेल्या मुलाला तर काहीच कळत नाही. शटर लावलेल्या गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवणं किंवा सामान मावत नाही म्हणून डिकी अर्धी उघडी ठेवून पळवणं, यातही हाच धोका आहे. मुलांना थंडी वाजत असेल तर रजई द्या, इंजिन नाही. आणि गाडीत शेगडी तर कधीच नाही.

महिन्याचा अर्धा तास

एखादी रविवारची सकाळ ठरवून घ्या आणि या क्रमाने करा:

१. चारही टायर आणि स्टेपनीची हवा, नक्षी, अडकलेले खिळे.
२. तेल, कूलंट, काच धुण्याचं पाणी.
३. बॅटरीचे टर्मिनल.
४. सगळे दिवे. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून बघायचं.
५. वायपर आणि आतली काच.
६. बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. थंडीत उंदीर आणि मांजरं उबेला तिथे शिरतात, म्हणून सकाळी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा.
७. सर्व सीटचे बेल्ट, मागचेसुद्धा. मागे बेल्ट लावणं कायद्यानेही बंधनकारक आहे.
८. विमा आणि पीयूसीची तारीख.

हे काम एकट्या भाईजानवर टाकू नका. हवा मोजायला सातवीतली मुलगी पुरते, दिवे बघायला पाचवीतला मुलगा. अम्मीला डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यांचा अर्थ माहीत असेल तर रस्त्यात चौघांचं डोकं चालतं. आणि एक हिशेब घरातल्या मोठ्यांनी करायचा: सात सीटच्या गाडीत सातच माणसं. उरलेल्यांसाठी एसटी आहे, दुसरी गाडी आहे. टायर, ब्रेक आणि बेल्ट सातांसाठीच बनवलेले असतात. आठव्यासाठी गाडीत जागा करता येते, बेल्ट करता येत नाही.