हवाई छत्रीचा कुबट वास

पावसाळा सरला की माळा आवरायला काढायचा, हा आमच्या घरचा दरवर्षीचा नेम. गाद्या, शाली, ट्रंका, सगळ्यांना एकदा वारा दाखवायचा. रत्नागिरीचा पाऊस म्हणजे चामड्याच्या चपलेला चार दिवसांत पांढरा बुरा! या वर्षी त्या पसाऱ्यात एक पाहुणी वस्तूही होती. माझे धाकटे दीर दुबईला असतात, त्यांची विमानातून उडी मारायची बॅग. मे महिन्यात आले तेव्हा तिकडे घर बदलायचं चाललं होतं, म्हणून ती इथे ठेवून गेले. "वहिनी, दिवाळीला येतो तेव्हा नेईन," म्हणाले. मीही खुशाल माळ्यावर टाकली.

बॅगेची चेन उघडली आणि असा काही भपकारा आला, की मुलं नाक धरून पळाली. ओल्या गोणपाटाचा असतो ना, तसला वास. पायांत अडकवायच्या जाड पट्ट्यांवर काळपट ठिपके पडलेले. आता दिवाळीला भावजी येणार आणि वहिनीच्या घरातून हे असं नेणार? मी पदर खोचला. बादलीत चिमूटभर ब्लीचिंग पावडर घातली आणि फडक्यानं ते दोन्ही पट्टे खसखसून पुसले. ठिपके गेले, वास बराचसा गेला. छत्री उद्या साबणाच्या पाण्यातून काढून गच्चीत उन्हाला टाकू, असा बेत करून मी स्वयंपाकाला लागले.

रात्री भावजींचा फोन आला तेव्हा कौतुकानं सांगायला सुरुवात केली. "बॅगेला वास येतोय, उद्या धुवायला काढते." ते जवळजवळ ओरडलेच. "वहिनी, पाणी लावू नका! ऊन नको, साबण नको, व्हिनेगर, ब्लीच तर मुळीच नको!" माझ्या हातातला पेला तसाच राहिला. पट्ट्यांचं मी काही बोलले नाही.

त्यांनी जे समजावलं ते ऐकून वाटलं, की आपले वास घालवायचे झाडून सगळे उपाय इथे उलटे पडतात. ही छत्री नायलॉनची. दुसऱ्या महायुद्धात रेशमाची जागा नायलॉननं घेतली, तेव्हापासून तेच चालत आलं आहे. हल्लीच्या बहुतेक छत्र्यांच्या कापडावर सिलिकॉनचा पातळ थर असतो, त्यातून हवा आरपार जात नाही, म्हणून तर छत्री फुगते. धुतलं, चोळलं की तो थर आणि कापडाची घट्ट वीण बिघडते, आणि छत्री हवा धरेनाशी होते. कडक उन्हाचंही तेच. गच्चीत बांधलेली नायलॉनची दोरी आठवा, दोन वर्षांत हातात तिचा भुगा येतो. इस्त्रीनं नायलॉन वितळतं. धूप दाखवावा तर एक ठिणगी पुरे. डांबराच्या गोळ्यांचा वास एकदा बसला की हटत नाही, आणि सुगंधी फवारे नुसते वासावर वास चढवतात. आम्लाशी तर नायलॉनचं उभं वैर. त्यामुळे अशी बॅग इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ कधी ठेवू नये. (आमचा इन्व्हर्टर माळ्याच्या जिन्याखालीच आहे. वाचलो म्हणायचं.)

"मग करायचं तरी काय?" मी विचारलं. उत्तर अगदी साधं निघालं. वारा द्यायचा. वास येतो तो बुरशीचा, आणि बुरशी येते ओलीमुळे. शेवटची उडी त्यांनी भल्या पहाटे मारली होती, दवानं भिजलेल्या हिरवळीवर उतरले होते, आणि घाईत छत्री तशीच घडी करून भरली होती. म्हणजे ओल त्यांची, आणि कोंदट माळा माझा!

त्या रात्री मला झोप लागेना. ह्यांनी विचारलं तेव्हा सांगून टाकलं. हे म्हणाले, "पट्टे तर चांगले दिसतायत, काही होत नाही." पण मी विचार करत राहिले. त्याच पट्ट्यांवर हजारो फूट उंचीवर माणसाचा सगळा भार असतो. सकाळी उठून आधी फोन लावला.

भावजी क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत, वहिनी. हे मला डोळ्यांनी दिसलं नसतं." ब्लीचनं नायलॉनचा धागा आतून कमकुवत होतो आणि वरून कापड अधिकच उजळ दिसतं! रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनीच व्हिडिओवर एकेक सांगत छत्री बाहेर काढून घेतली. आम्ही माजघर रिकामं केलं, फरशी पुसून कोरडी केली, स्वच्छ चादरी अंथरल्या. एकशेसत्तर चौरस फुटांची ती छत्री सबंध माजघर व्यापून बसली. दोऱ्या गुंतू नयेत म्हणून एकत्र धरून सैल बांधल्या. खिडक्यांचे पडदे ओढले, पंखा लावला आणि तीन दिवस तिला उलटसुलट केलं. तिसऱ्या दिवशी वास नाकाला कापड लावलं तरच येत होता. बॅगेची बाहेरची बाजू नुसत्या ओलसर फडक्यानं पुसून सावलीत वाळवली.

पाठीवरच्या वरच्या कप्प्यात आणखी एक छत्री असते, राखीव. मोठी उघडली नाही तर शेवटचा आधार तीच. तिला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. तिची घडी फक्त परवानाधारक माणूस घालतो, त्याला रिगर म्हणतात, आणि तो वर मोहर लावतो. अमेरिकेत दर १८० दिवसांनी ती उघडून, तपासून पुन्हा घडी घालावी लागते, वापरली असो वा नसो. तिच्याजवळच एक छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं, माणूस बेशुद्ध पडला तर ते आपणहून राखीव छत्री सोडतं. बॅग बादलीत बुडवली असती तर याचं काय झालं असतं! धाकट्यानं मात्र त्या कप्प्याची चकचकीत मूठ ओढायला हात पुढे केलाच होता, एक फटका खाल्ला.

एक अपवाद भावजींनी सांगितला. छत्री समुद्रात पडली तर मात्र ती लगेच भरपूर गोड्या पाण्यातून काढायची, साबण न लावता. मिठाचे कण वाळले की धाग्याला घासतात. मग सावलीत वाळवून रिगरला दाखवायची.

आता ती बॅग माळ्यावर नाही, मधल्या खोलीतल्या कपाटात आहे, जमिनीपासून वर. चेन थोडी उघडी, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि खालच्या फळीवर खायच्या सोड्याची उघडी वाटी. सोडा कापडावर भुरभुरायचा नाही, कण विणीत शिरतात. बाजारात ओल शोषणारे डबे मिळतात, त्यांत पाणी साठतं आणि सांडलं तर धातूच्या कड्या गंजतात, म्हणून ते मी आणले नाहीत.

आपल्या पुण्याच्या शीतल महाजन २००४ साली उत्तर ध्रुवावर आणि २००६ साली दक्षिण ध्रुवावर उतरल्या, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. तेव्हा मला पडलेला प्रश्न, निऱ्या कशा राहिल्या असतील, एवढाच! आता आठवण येते ती लुगड्यावरून आवळलेल्या पट्ट्यांची.

भावजी दिवाळीला आले, बॅग घेऊन गेले. रिगरनं पट्टे पाहिले आणि ब्लीच लागलंय म्हटल्यावर तपासणीचा खटाटोपच केला नाही. पायांचे दोन्ही पट्टे कंपनीकडून बदलून आणायला सांगितलं. त्या हिवाळ्यात त्यांना उड्या मारता आल्या नाहीत. खर्च किती आला ते त्यांनी सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं, मग थांबले.

उडीचा सूट मात्र धुवायची परवानगी होती. चेन आणि चिकटपट्ट्या बंद करून, थंड पाण्यात सौम्य साबणानं धुतला, हेल्मेटच्या आतलं अस्तरही काढून धुतलं, आणि दोन्ही पडवीत सावलीला वाळत घातलं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून पाहिलं आणि हळूच विचारलं, "काय गं, भावजींनी गॅरेज काढलं की काय?"