पाठीवरच्या काट्यांनी बोलणारा टेनरेक

मादागास्करच्या पूर्वेकडच्या दमट जंगलातला हा वीतभर प्राणी म्हणजे पट्टेरी टेनरेक. काळ्या अंगावर पिवळे पट्टे, लांबुळकं टोकदार नाक, शेपूट नाहीच. पाहताक्षणी हेजहॉगच वाटतो, पण डीएनए सांगतो की हा हत्तीच्या गोतावळ्यातला!

मला वेड लावतो तो त्याच्या पाठीच्या मागच्या भागातला जाडसर काट्यांचा छोटासा पुंजका. कातडीखालचे स्नायू थरथरले की हे काटे एकमेकांवर घासतात आणि आवाज निघतो. रातकिडा पंख घासून करतो तसंच. सस्तन प्राण्यांत असं करणारा दुसरा कुणी माहीत नाही. यातला बराचसा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. पण पालापाचोळ्यात गांडुळं शोधताना पांगलेली आई आणि पिल्लं त्याच्याच आधाराने एकमेकांचा माग ठेवतात.

फोसासारखा शिकारी जवळ आला तर मानेवरचे काटे फुलवून सरळ डोक्याने धडक! या काट्यांना बारीक आकडे असतात. ते शत्रूच्या नाकात रुतून तिथेच राहतात.

आणि हो, मादी जेमतेम पाच आठवड्यांची झाली की स्वतः आई व्हायला तयार असते.