छतावरील सौर संच आणि अर्थ फॉल्ट

नांदेड व लातूर जिल्ह्यांत घरांच्या व शाळांच्या छतांवर सौर संच दिसू लागले आहेत. पावसाळी सकाळी संच बंद राहावा आणि ऊन चढताच आपोआप सुरू व्हावा, हा अनुभव दुर्लक्षिण्याजोगा नाही. उंदराने कुरतडलेल्या वा पत्र्याच्या कडेस घासलेल्या तारेतून, ओल शिरलेल्या जोडातून वीज पॅनेलच्या चौकटीत उतरते. यासच अर्थ फॉल्ट म्हणतात. इन्व्हर्टर तो ओळखून संच थांबवितो. ओल सुकते, दोष मात्र कायम राहतो.

मुख्य स्विच बंद केला तरी उजेड असेतो पॅनेलमध्ये वीज असतेच. म्हणून चौकटीस हात न लावता प्रशिक्षित तंत्रज्ञास पाचारण करावे. तो पॅनेलची प्रत्येक माळ सुटी करून धन व ऋण तारांचा जमिनीशी असलेला दाब मोजतो. समजा, प्रत्येकी ४० व्होल्टच्या १० पॅनेलच्या माळेत धन तारेवर १२० व ऋण तारेवर २८० व्होल्ट भरले, तर दोष धन टोकाकडून तिसऱ्या व चौथ्या पॅनेलच्या दरम्यान असतो.

शाळा व ग्रामपंचायतींनी इन्व्हर्टरवरील संकेत, वेळ व हवामान यांची नोंदवही ठेवावी. दोष शोधण्याचे निम्मे काम तीच करील.