जीवाश्म समुद्री गोगलगायीच्या नव्या जातीचे वर्णन : गोदावरी खोऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

नांदेड व लातूर हे मराठवाड्यातील दोन्ही जिल्हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. येथील भूमी प्रामुख्याने दख्खन ट्रॅपच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची आहे. नांदेडच्या पूर्वेकडील देगलूर, बिलोली भागात मात्र ट्रॅपची कडा संपून त्याखालील प्राचीन ग्रॅनाइट व नाइस खडक उघडे पडलेले दिसतात. अशा प्रदेशात एखाद्या दगडात शंखाची आकृती आढळली, तर 'येथे पूर्वी समुद्र होता' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. कारण आपल्या मनात शंख आणि समुद्र यांचे नाते पक्के असते. शास्त्रीय दृष्ट्या हा निष्कर्ष घाईचा ठरतो. जीवाश्म गोगलगायीची नवी जाती कशी ठरवतात आणि या कार्यात नमुन्याच्या स्थळनोंदीला एवढे महत्त्व का असते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गोड्या पाण्याचे शंख, खाऱ्या पाण्याचे शंख :

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे एकामागून एक थर पसरले. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात खोलगट जागी तळी साचली, त्यांच्या तळाशी गाळ बसला आणि पुढच्या लाव्हाने तो झाकला गेला. यांनाच आंतरट्रॅपी थर म्हणतात. मद्रास लष्करी सेवेतील वैद्य जे. जी. माल्कमसन यांनी नांदेडलगतच्या निर्मल परिसरातील डोंगरांतून व नागपूरच्या वाटेवरून अशा थरांतील जीवाश्म जमविले. त्यांचा निबंध १८४० मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने प्रसिद्ध केला. त्यातच सोवर्बी यांनी 'फायसा प्रिन्सेपी' या जातीचे वर्णन केले. ही गोगलगाय गोड्या पाण्यातील होय.

गोदावरीच्या खालच्या अंगाला, राजमहेंद्रीजवळ काटेरू येथे, चित्र वेगळे आहे. तेथेही लाव्हाच्या थरांमध्ये गाळ आहे. परंतु तो खाडी व उथळ समुद्राच्या काठचा आहे. नागपूर येथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० च्या आपल्या निबंधात नागपूरजवळच्या टाकळीच्या गोड्या पाण्यातील शंखांबरोबर राजमहेंद्रीकडील खाऱ्या पाण्यातील शंखांचेही वर्णन केले. 'टरिटेला प्रीलाँगा' ही लांब, निमुळती समुद्री गोगलगाय त्यांपैकीच एक होय. गेर्टा केलर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात राजमहेंद्रीच्या खाणींतील याच थरांत सागरी सूक्ष्मजीवांचे अवशेष नोंदविले असून, त्यांवरून हे थर पॅलिओसीन युगाच्या आरंभीचे ठरले आहेत.

लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या खोल छिद्रात सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली केवळ काही मीटर गाळ आणि मग प्राचीन पायाभूत खडक लागला. एकाच महाउद्रेकाच्या प्रदेशात एकीकडे तळे व दुसरीकडे खाडी होती. म्हणून शंखाचा उगम कोणत्या थरातून झाला, हे जाणल्याविना त्याचा अर्थ लागत नाही.

वर्णनाची पद्धती :

नमुना हाती आल्यावर प्रथम तो मूळ कवच आहे की कवचाच्या पोकळीत भरलेल्या गाळाचा साचा आहे, हे पाहिले जाते. साच्यावर बाहेरची नक्षी उरत नाही. त्यामुळे केवळ साच्यावरून नवी जाती मांडणे धोक्याचे असते. त्यानंतर उंची, रुंदी, वेढ्यांची संख्या, वेढ्यांमधील सांधरेषा, मुखाचा आकार, मध्यस्तंभ व पृष्ठभागावरील कंगोरे यांची मोजमापे घेतात. शिखर वर व मुख आपल्याकडे धरले असता मुख डावीकडे येत असेल, तर ती डावखुरी गोगलगाय होय. फायसा अशी आहे. टरिटेला उजवी असून तिच्या अनेक वेढ्यांवर सर्पिल कंगोरे असतात.

एका नमुन्यावर भिस्त ठेवता येत नाही. लहान-मोठे अनेक नमुने तपासल्यावरच वयामुळे पडलेला फरक व जातीतील खरा फरक वेगळा करता येतो. शेवटची आणि सर्वांत कष्टाची पायरी तुलनेची आहे. त्या वंशातील पूर्वी वर्णिलेल्या सर्व निकटच्या जाती पाहून आपला नमुना कोठे वेगळा पडतो, हे शब्दांत मांडावे लागते.

नाव आणि प्रमाण नमुना :

प्राण्यांच्या नामकरणाचा आरंभ लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून मानला जातो. आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू झाली. तिच्यानुसार १९९९ नंतर मांडलेल्या जातीसाठी प्रमाण नमुना स्पष्टपणे निश्चित करणे व तो कोणत्या संग्रहात आहे हे नमूद करणे आवश्यक आहे. एकाच जातीला दोन नावे पडल्यास सामान्यतः आधीचे ग्राह्य धरतात. स्थळावरून नाव देताना शेवटी 'एन्सिस' हा प्रत्यय येतो. उद्या लातूरच्या थरातून नवी जाती निघाली, तर ती 'लातुरेन्सिस' होऊ शकेल.

पुढे वंश बदलला, तरी जातीचे नाव कायम राहते व मूळ कर्त्याचे नाव कंसात जाते. हिस्लॉप यांची 'पॅलुडिना नॉर्मालिस' पुढे 'व्हिव्हिपॅरस' वंशात गेली, तशी तिच्यापुढे हिस्लॉप हे नाव कंसात आले.

स्थळनोंदीचे मोल :

हिस्लॉप यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच हे थर तृतीयक काळाचे मानले होते. आज त्यांतील पुष्कळ थर क्रिटेशसच्या अखेरचे मानले जातात. कालनिर्णय बदलला, वंश बदलले. परंतु वर्णन, चित्र व स्थळनाम उपलब्ध असल्यामुळे १६० हून अधिक वर्षांनंतरही त्या कामावर पुढचे काम उभे राहते. याउलट, चिठ्ठी हरवलेला शंख कितीही देखणा असला, तरी त्यावरून तळे की खाडी, हे ठरविता येत नाही. आंतरट्रॅपी थर बहुधा पातळ असतात. विहिरी, रस्ते व खडीच्या खाणी यांत ते एकदा फुटले, की ती जागा पुन्हा पाहावयास मिळत नाही.

निष्कर्ष :

१. ट्रॅप प्रदेशातील शंख म्हणजे समुद्राचा पुरावा नव्हे. गोड्या व खाऱ्या पाण्यातील जातींचा भेद प्रथम तपासला पाहिजे.

२. नव्या जातीचा दावा अनेक नमुने, सखोल तुलना व जतन केलेला प्रमाण नमुना यांवरच टिकतो.

३. गाव, थर, खोली व तारीख यांची नोंद नमुना उचलतानाच व्हावी. नांदेड-लातूर परिसरातील महाविद्यालयांच्या संग्रहांनी एवढी शिस्त पाळल्यास त्यांतील प्रत्येक दगड भावी अभ्यासकाच्या उपयोगी पडेल.