क्लाराची हिशेबाची वही

मैत्रिणींनो, नवरा रुग्णालयात, पदरात सहा मुलं, सातवं पोटात आणि घर चालणार ते आपल्याच कमाईवर! जर्मनीतली नामांकित पियानोवादक क्लारा शूमान हिच्यावर १८५४ साली हीच वेळ आली. तिचा नवरा रॉबर्ट मोठा संगीतकार. पण मनाच्या आजारानं त्याला एंडेनिखच्या रुग्णालयात ठेवावं लागलं.

जूनमध्ये बाळ झालं आणि त्याच वर्षी शरद ऋतूत क्लारा दौऱ्यावर निघालीसुद्धा! आज हे गाव, उद्या ते. अंग शिणलं, तरी कार्यक्रम चुकवून कसं चालेल? जीव सारा रॉबर्टपाशी. पण डॉक्टर भेटू देत नव्हते. १८५६ मध्ये ती इंग्लंडलाही वाजवून आली. अखेर २७ जुलैला भेट झाली, आणि दोनच दिवसांनी रॉबर्ट गेला.

एवढं तिनं एकटीनं पेललं? छे हो! तरुण संगीतकार योहानेस ब्राम्स तिच्या मागं घराकडे बघे, घरखर्चाची वहीसुद्धा लिही. तेव्हा भगिनींनो, नोकरी, घर, आजारपण एकदम अंगावर आलं, तर निदान हिशेबाची वही तरी दुसऱ्या विश्वासू हाती द्या. त्यात कमीपणा कसला?